गुलमर्गचा वापसा

दिवाळी सरली की आमच्या हिमायतनगरात हल्ली एक प्रश्न घरोघर ऐकू येतो : "नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जावे म्हणतो, बर्फ असेल ना?" पूर्वी या दिवसांत काशी-रामेश्वराचे बेत होत, आता नातवंडांना स्की पायांत बांधायच्या असतात. जवळच लोअर टँकबंडला २००४ साली 'स्नो वर्ल्ड' उघडले, तेव्हापासून भर मे महिन्यातही बर्फात लोळता येते, ही गोष्ट मुलांच्या अंगवळणी पडली. पण तिथला बर्फ यंत्राच्या आज्ञेत असतो. गुलमर्गचा नव्हे.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की बर्फ दिसणे निराळे आणि स्कीइंगजोगा बर्फ असणे निराळे. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे मराठवाड्यात आहेत, त्यांना हे चटकन उमजेल. मृगाचा पहिला शिडकावा झाला म्हणून शहाणा शेतकरी चाड्यावर मूठ धरीत नाही. ओल खोल उतरून जमीन वापशावर येण्याची तो वाट पाहतो. उतावळ्याच्या कपाळी दुबार पेरणी येते.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथले पहिले हिम पिंजलेल्या कापसासारखे असते. दहा सेंटिमीटर ताजे हिम वितळविले, तर पाणी भरते जेमतेम एक सेंटिमीटर! माणसाच्या भाराखाली ते दबते आणि खालचे दगड व खुंट स्कीला अडतात. थरावर थर पडून, दबून घट्ट बैठक तयार झाली, म्हणजे खरा हंगाम. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. या कडाक्यात पडलेले हिम टिकते, आणि उतारांना वापसा येतो तो याच दिवसांत.

पण हे चाळीस दिवसही आता भरवशाचे राहिलेले नाहीत. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो; काश्मीरचे हिम येते भूमध्य समुद्राकडून सरकणाऱ्या वादळांबरोबर. ती चुकली की सारेच चुकते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे बराच काळ उघडीबोडकी होती. आमच्या शेजारचे एक कुटुंब त्याच दिवसांत तिथे होते. भाड्याचे गमबूट घालून ती मंडळी वाळक्या गवतावर फिरून आली. हिम पडले ते महिना सरता सरता. २०२५ मध्ये तर 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा २२ फेब्रुवारीला व्हायचा, तो हिमाअभावी पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्यावा लागला.

आपली सहल हुकली तर चार दिवस हळहळ वाटते. तिथले स्लेज ओढणारे, घोडेवाले आणि स्की शिकविणारे तरुण यांची मात्र वर्षाची कमाई या दोन-तीन महिन्यांवर असते. कोरडवाहू शेतकऱ्याने आभाळाकडे पाहावे, तसे ते अफरवटच्या शिखराकडे पाहत असतात.

आणखी एक धोका सांगायलाच हवा. हंगामाच्या आरंभी पडलेला पातळ थर निरभ्र, कडक थंडीत साखरेसारखा रवाळ आणि सुटा होतो. त्यावर पुढे जड हिम साचले, की वरचा सारा थर निसटू शकतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून दोन पोलिश पर्यटक दगावले. तेव्हा गोंडोला उंच नेतो म्हणून वाटाड्याशिवाय तिथून खाली सुटणे हे धाडस नव्हे.

तेव्हा वाचकहो, स्कीइंगच करायचे असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. निघण्यापूर्वी "बर्फ पडला का?" असे न विचारता "खाली बैठक किती झाली?" असे विचारावे. नाताळातच जाणे असेल, तर मुलांना पायथ्याच्या सौम्य उतारावरच, तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली उभे करावे. आणि हिम नसलेच, तरी हिरमुसून खोलीत बसू नये. घोडेवाल्याला हाक मारून देवदारांतून एक फेरी घ्यावी. दुबार पेरणीचे वर्ष काय असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.