सागवानी नौकेची चाकरी

आमच्या वर्धा जिल्ह्यांत समुद्र नाहीं. परंतु साग किती टिकतो, हें जुन्या घरांच्या खांबांवरून येथें कोणासहि सांगावें लागत नाहीं. त्याच जातीच्या लाकडानें समुद्रावर केलेली चाकरी मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

‘त्रिंकोमाली’ या इंग्रज युद्धनौकेचे आराखडे विलायतेहून ‘जावा’ जहाजानें मुंबईस निघाले. डिसेंबर १८१२ मध्यें ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें तें जहाज जिंकून जाळलें, आराखडे पुनः धाडावे लागले. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं मलबारी सागाची ही नौका मुंबईच्या गोदींत बांधली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली.

तोंवर नेपोलियनचें युद्ध संपलें होतें. १८१९ मध्यें विलायतेस पोहोंचलेली ही नौका कित्येक वर्षें नुसती नांगरून पडली. १८४७ पासून तिनें उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या समुद्रांत गस्त घातली, मच्छीमारीचें रक्षण केलें. १८५२ ते १८५७ हीं वर्षें पॅसिफिक महासागरांत काढलीं. १८६० नंतर ती नाविकांची शाळा झाली. १८९७ मध्यें विकली जाऊनहि ती मोडीत निघाली नाहीं. ‘फूद्रॉयां’ या नांवानें १९८६ पर्यंत तरुणांस शिकवीत राहिली. आज ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें, मूळ नांवानें, पाण्यावर तरंगत आहे.

मोठ्या लढाईचा मान तिला लाभला नाहीं. तिची सर्वांत दीर्घ चाकरी मुलांस शिकविण्याची ठरली, हें वाचून खडूच्या धुळींत आयुष्य घालविलेल्या मला मोठें समाधान वाटलें.