उतरल्यानंतरची सावधानता

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेल्या जे. आर. डी. टाटांनी आपले पस मॉथ विमान जुहूला उतरविले. पुढे दोन चाके आणि मागे जमिनीला टेकलेली शेपटी, अशी त्याची ठेवण होती. हौशी मंडळी घरी बांधतात त्या अनेक लहान विमानांची ठेवण आजही तशीच असते.

अशा विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो. त्यामुळे किंचित दुर्लक्ष होताच शेपटी पुढे धावू पाहते व विमान गरकन फिरते. शेपटी हलकी असेल, तर जोराच्या ब्रेकने नाकच जमिनीवर आपटते. म्हणून जाणता वैमानिक जमिनीवर मंद व नागमोडी चालतो. समोरचा वारा असता दांडा मागे ओढतो, पाठचा असता पुढे सारतो.

विमान उतरले म्हणजे उड्डाण संपले, असे नव्हे. ते विमान स्थिरावल्यावरच संपते.