मोबाइलवरील सर्वेक्षण (भाग ५) : सर्व्हरची उभारणी आणि राखण

प्रश्नावलीची बांधणी कशी करावी, याचा विचार मागील भागात झाला. भरलेली उत्तरे कोठे जातात आणि तेथे ती कोण सांभाळते, हा या भागाचा विषय आहे. सर्वेक्षण हाती घेणाऱ्या संस्था आपली बहुतेक शक्ती प्रश्नावलीवर आणि सर्वेक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करतात व सर्व्हरचे काम एखाद्या जाणकारावर सोपवून मोकळ्या होतात. वास्तविक लोकांनी विश्वासाने सांगितलेली आजारपणाची, कर्जाची, जमिनीची माहिती ज्या जागी वर्षानुवर्षे राहणार, त्या जागेचा विचार प्रश्नावलीच्याही आधी व्हायला हवा.

या कामासाठी अनेक देशांत वापरली जाणारी ‘ओडीके’ ही प्रणाली २००८ मध्ये सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्रा. गाएतानो बोरिएल्लो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गूगलच्या साह्याने सुरू केली. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते. ‘ॲग्रिगेट’ या तिच्या आरंभीच्या सर्व्हरची जागा आता ‘सेंट्रल’ने घेतली आहे.

सेंट्रलची उभारणी अवघड नाही. भाड्याने घेतलेल्या लिनक्स संगणकावर ‘डॉकर’ बसवावे लागते; एखादी प्रणाली तिला लागणाऱ्या सर्व घटकांसह बंदिस्त कप्प्यांत चालवण्याची ही सोय असून, सेंट्रलमधील पोस्टग्रेस हा माहितीकोश अशाच एका कप्प्यात चालतो. मात्र त्याआधी संस्थेचे डोमेन-नाव त्या संगणकाच्या आयपी पत्त्याकडे वळवलेले असावे, कारण मोबाइल आणि सर्व्हर यांच्यातील संवाद गुप्त राखणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून मिळते ते त्या नावाची खातरजमा झाल्यावरच. पहिल्या दिवशी अडखळणाऱ्यांपैकी पुष्कळजण येथेच अडखळतात.

एका नोंदीचा प्रवास पाहिला की सर्व्हरचे काम स्पष्ट होते. रेंज नसलेल्या पाड्यावर सर्वेक्षक ‘कलेक्ट’ या ॲपमध्ये प्रश्नावली पूर्ण करतो, तेव्हा उत्तरांची एक फाइल आणि काढलेली छायाचित्रे मोबाइलमध्येच राहतात, आणि त्या नोंदीला जगात दुसऱ्या कशाशीही जुळणार नाही असा एक ओळख-क्रमांक मिळतो. रेंजमध्ये आल्यावर नोंद पाठवताना मध्येच संपर्क तुटला आणि तीच नोंद पुन्हा पाठवली गेली, तरी या क्रमांकामुळे सर्व्हर ती जुनीच असल्याचे ओळखतो, एका कुटुंबाची दोन कुटुंबे होत नाहीत, आणि एखादे छायाचित्र पोहोचले नसेल तर नोंदीसमोर तसे दिसते.

सर्व्हरवर नोंद पाठवण्याचा अधिकार मोबाइलला क्यूआर कोडमधून मिळतो. या कोडमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि एक गुप्त खूण असते; म्हणून एकच कोड साऱ्या गटात व्हॉट्सॲपवर फिरवण्याची प्रथा सोयीची वाटली तरी घातक आहे, कारण एक मोबाइल हरवल्यावर त्याचा प्रवेश रद्द करायचा तर सर्वांचाच रद्द होतो आणि इतरांच्या मोबाइलमधील न पाठवलेल्या नोंदी नवा कोड मिळेपर्यंत अडकून पडतात. प्रत्येक सर्वेक्षकाला स्वतंत्र कोड देणे हाच योग्य मार्ग होय.

याहून कठीण निर्णय एन्क्रिप्शनचा. एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवणे. सेंट्रलमध्ये ते एका प्रकल्पापुरते लागू करता येते, परंतु एकदा लागू केले की मागे घेता येत नाही, आणि त्यासाठी ठरवलेला परवलीचा वाक्यांश हरवला तर ती माहिती सेंट्रलच्या निर्मात्यांनाही परत मिळवून देता येत नाही. शिवाय नोंदी सर्व्हरवरच पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय जाते. पिकांच्या पाहणीसाठी हा खटाटोप बहुधा अनावश्यक ठरेल; कौटुंबिक हिंसाचाराच्या किंवा एचआयव्हीच्या सर्वेक्षणात मात्र तो टाळणे क्षम्य नाही. भारताच्या ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३’नेही सुरक्षेची जबाबदारी माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणाऱ्यावर टाकली आहे, संगणक भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवून संस्थेची सुटका होत नाही.

उरतो तो प्रश्न राखीव प्रतींचा. डॉकरचे कप्पे बंद करण्याच्या आज्ञेला ‘व्ही’ हे एक अक्षर जोडले गेले, तर कप्प्यांबरोबर साठवणही पुसली जाते आणि माहितीकोश नाहीसा होतो. तेव्हा रोजची प्रत त्याच संगणकावर ठेवणे पुरेसे नाही, ती अन्यत्र गेली पाहिजे. सर्वेक्षक गावांत जाण्यापूर्वी चाचणीच्या काही नोंदी भरून त्यांची प्रत एका रिकाम्या सर्व्हरवर उतरवून पाहावी, नोंदींची संख्या जुळते का, छायाचित्रे उघडतात का आणि देवनागरीतील नावे जशीच्या तशी वाचता येतात का हे तपासावे, आणि हे काम सर्व्हर उभारणाऱ्या जाणकाराऐवजी त्याच्या गैरहजेरीत ते करावे लागेल अशा दुसऱ्या व्यक्तीने करावे.