वहिनी नव्हे, बहिनी!

आमच्या घरामागच्या आंब्याच्या बागेत एक नेपाळी जोडपं राखणीला आहे. रत्नागिरीकडच्या मैत्रिणींना यात नवल वाटायचं नाही. इकडच्या कितीतरी बागा आता नेपाळी माणसंच सांभाळतात. त्यातली बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. विहिरीवर भेटली की मला "बहिनी" म्हणून हाक मारी. मला वाटे, बिचारीला 'व' म्हणता येत नाही, म्हणून 'वहिनी'चं 'बहिनी' करते. तीन वर्षं मी मनातल्या मनात हसत होते. शाळेत मुलांना भाषा शिकवते मी, आणि अक्कल ही अशी!

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ती कुंपणापाशी आली. "बहिनी, उद्या तिहार. जेवायला या." एरवी मी काहीतरी सबब सांगितली असती. पण माझा भाऊ यायचा नव्हता. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद आहे. दाराकडे डोळे लावून बसण्यापेक्षा गेलेलं बरं, म्हणून गेले.

तिहार म्हणजे त्यांची पाच दिवसांची दिवाळी. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. बागेतल्या काळ्या कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ पाहून मी पोरांची थट्टा समजले होते! मग गाय आणि लक्ष्मी, पुढे गोवर्धनपूजा आणि शेवटी भाईटीका.

चुलीवर सेल रोटी तळणं चाललं होतं. नाव रोटी, पण दिसायला बांगडीसारखं कडं. रात्रभर भिजवलेले तांदूळ वाटून त्यात तूप, साखर, वेलची घालून पीठ फेसायचं आणि हातानेच कढईत गोल धार सोडायची. उलटायला एक काडी. मी एक सोडून पाहिलं, तर कड्याऐवजी कोकणचा नकाशा झाला! सोबत बटाट्याचं अचार. उकडलेले बटाटे, भाजून कुटलेले तीळ, लिंबू, मिरची आणि वरून मेथी-हळदीची फोडणी. पहिल्या घासाला जीभ झिणझिणली. अगंबाई, हे तर तिरफळ! ते त्याला टिमुर म्हणतात. आपल्या तिरफळाचाच भाऊबंद. आपण बांगड्याच्या आमटीत घालतो, ते बटाट्यात घालतात. आता मीही घालते.

आजूबाजूच्या बागांतले चार-पाच नेपाळी मुलगे टीका लावून घ्यायला आले होते. तिचा सख्खा भाऊ कतारला. तिने मुलांभोवती दूर्वांनी तेलाचं रिंगण घातलं. ते यमाला ओलांडता येत नाही म्हणतात. उंबऱ्याशी अक्रोड फोडला आणि एकेकाच्या कपाळावर सात रंगांचे ठिपके उभे लावले.

"भाऊ नसला तर?" मी विचारलं. काठमांडूत राणीपोखरी नावाचा तलाव आहे. राजा प्रताप मल्लाने पुत्रशोकात बुडालेल्या राणीसाठी तो १६७० साली बांधला. तलावाच्या मधलं देऊळ वर्षातून एकदा, भाईटीकेलाच उघडतं, आणि ज्यांना भावंडं नाहीत ती माणसं तिथे जातात. २०१५ च्या भूकंपात त्या देवळाची पडझड झाली, २०२० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. "आमच्यात चंद्राला ओवाळतात," मी म्हटलं.

"चंद्र कशाला?" असं म्हणून तिने सर्वांत लहान मुलाला माझ्यापुढे बसवलं. "हिला लावू दे. माझी बहिनी आहे." तो मुलगा हसून मला म्हणाला, "बहिनी म्हणजे धाकटी बहीण."

मला काही बोलता येईना. रंग लावताना हात थरथरला, निळा ठिपका वाकडा गेला. मग त्यानेही मला टीका लावला (त्यांच्यात भाऊसुद्धा लावतो) आणि वाकून पायाला हात लावला.

संध्याकाळी कपाळावरचे सात रंग तसेच ठेवून मी भावाला फोन केला. वहिनीने उचलला. "हे बाहेर गेलेत," म्हणाली; पण मागून त्याचा खोकला ऐकू आला. "बरं, खोकल्याला ज्येष्ठमध दे त्याला," एवढंच सांगून मी फोन ठेवला.