पुलाचा अनुभव कुणाचा?

दरवर्षी २० मार्चला आम्ही महाडला जातो. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे येताना महाडच्या अलीकडे सावित्री नदी लागते. मागच्या खेपेला बा सोबत होता. पुलाअलीकडे त्याने गाडी थांबवायला लावली. "ह्योच का रं, वाहून गेल्याला?" मी म्हटले, "तो गेला, बा. हा त्याच्या जागी नवा." खांबांकडे बराच वेळ बघून बा म्हणाला, "पाया किती खोल न्हेलाय, त्ये बघाय पायजे."

बाने उमेदीची वीस वर्षे पुलांच्या कामांवर काढली. मी घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. बाला पाया कळतो, मला कागद कळतो. या दोन ज्ञानांमध्ये जी भिंत उभी केली गेली आहे, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल कोसळला. दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने माणसांसह नदीत गेली. नवा पूल १६५ दिवसांत बांधला गेला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. म्हणजे शासनाने मनावर घेतले तर पूल लवकर होतो. मग एरवी वर्षानुवर्षे जातात ती कशात? मुख्यतः कागदात. तो कागद आपण वाचायला शिकले पाहिजे.

पुलाचा आरंभ नदी मोजण्यापासून होतो. पाणलोट किती, आजवरचा सर्वांत मोठा पूर कुठवर चढला, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती पाणी आणील, याचा हिशेब होतो. त्यावरून पुलाची लांबी आणि उंची ठरते. मग नदीत भोके पाडून खडक किती खोल आहे ते पाहतात. पुराचे पाणी खांबाशी अडते, भोवरे होतात, तळची वाळू खरवडली जाते. सरासरी खरवड जितकी खोल, त्याच्या दुपटीपर्यंत खांबाशी ती जाईल असे धरून पाया त्याखाली नेतात. पूल अनेकदा वरच्या वजनाने नव्हे, तर असा पायाखालून जातो. बाने खांब पाहून पायाची चौकशी का केली, हे यावरून कळावे.

यानंतर दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक होते. प्रशासकीय मान्यता म्हणजे खर्च करण्यास होकार. तांत्रिक मंजुरी म्हणजे आराखडा व हिशेब बरोबर असल्याची अभियंत्याची ग्वाही. मग निविदा निघते. तिचे दोन लिफाफे असतात. पहिल्यात पात्रता, दुसऱ्यात दर. पहिल्यात जो टिकला त्याचाच दुसरा उघडतो आणि त्यांच्यात ज्याचा दर कमी त्याला काम मिळते. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती दुसऱ्या लिफाफ्याची. आपला माणूस बाद होतो तो पहिल्यातच.

पहिल्या लिफाफ्यातला कळीचा शब्द आहे 'अनुभव'. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली दिलेले सूत्र असे: गेल्या ७ वर्षांत तशाच प्रकारची, अंदाजित खर्चाच्या ४० टक्के किमतीची तीन कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक काम पूर्ण केलेले हवे. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल खर्चाच्या ३० टक्के हवी. ३५ कोटींचा पूल धरा. १४ कोटींची तीन कामे आणि साडेदहा कोटींची उलाढाल! ज्याच्या आजोबाच्या हाती महारकीची काठी होती, त्याच्या नातवाने ही उलाढाल कुठून आणावी?

माझा चुलतभाऊ स्थापत्याचा पदविकाधारक. त्याने ठेकेदार म्हणून नोंदणी केली. एका मोठ्या ठेकेदाराने त्याला दिले ते काम एकच: माणसे पुरव. शिकूनसवरून तो आपल्याच वस्तीतले हात मोजून देणारा मुकादम झाला. आणि बा? त्याचे हात पाच पुलांच्या पायांत गेले. पण निविदेच्या भाषेत त्याचा अनुभव शून्य. तो अनुभव ठेकेदाराच्या दाखल्यावर जमा झाला.

अनुभवाची अट निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. २०१६ ची ती रात्र आठवली की नवशिक्याच्या हाती पूल द्या असे कोण म्हणेल? प्रश्न असा की नवशिक्याने अनुभव मिळवायचा कुठे? जिना पाहिजे तर खालच्या पायऱ्याही पाहिजेत. कर्नाटकाने २०१७ साली ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी वाटा राखला आणि पुढे ती मर्यादा वाढवली. ही एक पायरी आहे. जिना अजून व्हायचा आहे.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला सरकारी कामाची पाहणी करण्याचा, अभिलेख पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. तो बजावण्यास उलाढाल लागत नाही, अनुभवाचा दाखला लागत नाही.

सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे सर्वांना खुले, हे १९२३ च्या बोले ठरावाने कागदावर आले होते. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरी १९२७ साली बाबासाहेबांना हजारोंसह चालत जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले. कागदावरचा हक्क आपण होऊन चालत येत नाही.

परतीच्या वाटेवर आमच्या गावाजवळच्या नव्या पुलाचे काम लागले. मी बाला म्हटले, "मी अर्ज करतो. कागद मी वाचीन, पाया तू बघ."

बा म्हणाला, "लिव्ह. उद्याच लिव्ह."