वापरलेली गिटार: चकाकी नको, बांधणी पाहा

मिरजेच्या तानपुऱ्याला कुणी सेकंडहँड म्हणत नाही. तो आजीकडून नातीकडे येतो, जवारी बिघडली की कारागिराकडे जाऊन येतो आणि पुन्हा गाण्याला साथ देऊ लागतो. अकूस्टिक गिटारकडेही याच नजरेने पाहायला हवे. नव्या, साधारण प्रतीच्या गिटारच्या किमतीत पुष्कळदा जुनी, पण उत्तम बांधणीची गिटार मिळून जाते. ती ओळखायची कशी आणि घरी आणल्यावर जपायची कशी, ते नीट समजून घेऊ.

आवाज कुठून येतो?

नुसत्या तारेचा आवाज क्षीण असतो. तारेचे कंपन सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) आणि ब्रिजमधून वरच्या फळीत उतरते, ती फळी हवा हलवते आणि मग आवाज खोली भरून टाकतो. म्हणून गिटारचा जीव वरच्या फळीत आहे. ही फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची, बहुधा स्प्रूसच्या लाकडाची असते आणि स्टीलच्या सहा तारांची मिळून सुमारे ७० किलोची ओढ तिला अहोरात्र सोसावी लागते. ती सोसता यावी म्हणून आतून फुलीच्या आकारात लाकडी पट्ट्या चिकटवतात. १८३३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या मार्टिन कंपनीच्या गिटारमध्ये ही रचना १८४० च्या दशकात आली आणि स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटार आजही तशाच बांधल्या जातात.

फळी एकसंध लाकडाची आहे की प्लायची, हे साउंड होलच्या कडेवर कळते. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड एकसंध. कडेवर थर दिसले तर प्लाय. प्लाय टिकाऊ असते, पण एकसंध फळीचा आवाज अधिक भरदार आणि बोलका असतो. वाजवून वाजवून तो आणखी खुलतो, असा वादकांचा अनुभव आहे. याबाबतच्या शास्त्रीय चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. त्यामुळे ‘जुनी म्हणजे गोडच’ असे गृहीत धरू नका. समोरची गिटार आज कशी वाजते ते ऐका.

हातात घेतल्यावर काय तपासाल?

सोबत स्टीलची लांब पट्टी, कागदाचा तुकडा आणि मोबाइल एवढे पुरे.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. तो आत शिरला तर ब्रिज उचलला जातो आहे. फळी ब्रिजच्या मागे किंचित फुगलेली असणे स्वाभाविक आहे. पण मागे ठळक फुगवटा आणि पुढे साउंड होलपाशी खड्डा दिसला तर आतल्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता असते. बोटाच्या पेराने फळीवर जागोजागी हलके ठोका. खडखड ऐकू आली तर शंका पक्की समजा. मोबाइल साउंड होलमध्ये धरून आतले फोटो काढले की पट्ट्या, सांधे आणि जुन्या दुरुस्त्या दिसतात.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. तारांनी फ्रेटवर खाचा पाडल्या असतील तर तिथे झणझण ऐकू येते. ही झीज म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवरच्या खाचाच. कारागीर फ्रेट घासून समपातळीत आणतो किंवा नवे बसवतो. खुंट्या फिरवताना त्या अडखळत किंवा निसटत नाहीत ना, तेही पाहा.

ब्रिजला तारा गाठ मारून बांधलेल्या असतील तर ती नायलॉनच्या तारांची गिटार आहे. तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका; ती ओढ तिला पेलत नाही.

मानेचा कोन: सगळ्यात महत्त्वाची तपासणी

बाराव्या फ्रेटवर जाड तारेची फ्रेटपासूनची उंची साधारण अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेची पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असली की बोटांना त्रास होत नाही. उंची जास्त असेल तर सॅडल घासून ती कमी करता येते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे १ मिलिमीटर उतरवायला सॅडल २ मिलिमीटर घासावे लागते.

म्हणूनच सॅडल ब्रिजच्या वर किती उरले आहे, ते पाहायचे. तारा उंच आणि सॅडल मात्र आधीच घासून ब्रिजला टेकलेले, असे दिसले तर वर्षानुवर्षांच्या ओढीने मान पुढे कलली आहे. पट्टी फ्रेटवर सरळ ठेवून ब्रिजकडे न्या; चांगल्या कोनाच्या मानेवर ती ब्रिजच्या माथ्यापाशी पोचते, कललेल्या मानेवर त्याच्या खाली आदळते. इलाज म्हणजे मान उकलून पुन्हा बसवणे. काम कसबी हातांचे आणि खर्चिक आहे.

मानेच्या आत ट्रस रॉड असते. तिने मानेचा बाक कमीजास्त होतो, अंगाशी असलेला कोन सुधारत नाही. ‘रॉड फिरवली की तारा खाली येतील’ असे विकणारा म्हणाला, तरी पट्टी लावूनच खात्री करा.

उलट ओरखडे, उडालेले पॉलिश किंवा आतून लाकडी ठिगळ लावून नीट सांधलेली चीर यांना घाबरू नका. असे डाग किंमत कमी करतात, आवाज नाही.

शिसवीचा धागा

गिटारच्या पाठीला आणि कुशीला पूर्वी ब्राझीलचे रोझवुड मानाचे होते. त्याचे ओंडके मिळेनासे झाल्यावर १९६९ पासून मार्टिनने भारतीय रोझवुड, म्हणजे आपली शिसवी, वापरायला घेतली. सह्याद्रीच्या रांगांत वाढणारे हे झाड असे जगभरच्या गिटारमध्ये पोचले.

ब्राझीलच्या रोझवुडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत. परदेशातून त्या लाकडाची जुनी गिटार आणायची तर आधी परवाने पाहावेत. शिसवीच्या तयार वाद्यांना मात्र परवान्याच्या अटीतून २०१९ मध्ये सूट मिळाली.

पावसाळा आणि उन्हाळा

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की गिटार सुखात असते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड फुगते आणि तारा उंच होतात. विदर्भातल्या मे महिन्यात लाकूड आकसते आणि तडा जाऊ शकतो. म्हणून गिटार कडक केसमध्ये ठेवा आणि आत छोटा आर्द्रतामापक असू द्या. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि कोरड्या उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज, एवढ्यावर काम भागते. उन्हात उभ्या गाडीत गिटार कधीही ठेवू नका. उष्णतेने सांध्यांचा सरस मऊ पडतो.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. घाम आणि खारी हवा त्यांना लवकर गंजवतात. जुनी गिटार घेतल्या दिवशीच नव्या तारा चढवा. तिचा खरा आवाज तेव्हाच कळेल.

आपल्या पट्टीत वाजवताना

गळ्याला पेटीची काळी दोन लागते आणि हाताला सी कॉर्डची मांडणी सोपी वाटते, तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. काळी एकसाठी पहिल्या, पांढरी चारसाठी पाचव्या फ्रेटवर. विकत घेण्याआधी कॅपो लावून स्वतःच्या पट्टीत एखादे गाणे म्हणून पाहा. गळा आणि गिटार एकमेकांत मिसळले, मानेचा कोन शाबूत निघाला आणि फळीवर ठळक फुगवटा किंवा खड्डा नसला, तर निर्धास्तपणे घ्या. घरी आणल्यावर तिला कपाटावर चढवू नका. रोज वीस मिनिटे वाजवा आणि वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, जाणत्या कारागिराला दाखवा. एवढी निगा राखलीत, तर तुमच्या हातची गिटार पुढच्या पिढीच्या हातीही वाजती जाईल.