कोरडा तलाव मेलेला नसतो

चंद्रपूर-गडचिरोलीत प्राणिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचा, विषय निघाला की पहिली शंका येते ती अंतराची: हे समुद्रातले जीव, त्यांचा आपल्याशी काय संबंध? समुद्रात त्यांचे राज्य आहे हे खरेच. वनस्पतिप्लवकांनी उन्हातून साठवलेली ऊर्जा त्यांना खाणाऱ्या कॉपीपॉड या प्राणिप्लवकांत येते, कॉपीपॉडांना तारलीसारखे मासे खातात आणि तिथून ती मोठ्या माशांपर्यंत पोहोचते. दिवसा खोल अंधारात राहून रात्री चरायला वर येणाऱ्या प्राणिप्लवकांमुळे पृष्ठभागावरचा कार्बनही खोल पाण्यात उतरतो. पण कॉपीपॉड, पाणपिसवा आणि रोटिफर हे प्राणिप्लवकांचे तीन गट गोड्या पाण्यातही आहेत. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यातल्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, अन्नसाखळीची हीच कडी तेच काम करते. भंडारा-गोंदिया धरून चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. समुद्र दूर असला तरी हा विषय गावाच्या पाळीपर्यंत आलेला आहे.

दुसरा गैरसमज अधिक खोल रुजला आहे: पाण्यात वळवळणारे बारीक जीव म्हणजे घाण आणि रोग. त्याला इतिहासाचा आधार आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. नारू या कृमिरोगाचा प्रसार सायक्लॉप्स या कॉपीपॉडामार्फतच होत असे. रोग्याच्या पायातून पाण्यात उतरलेल्या अळ्या सायक्लॉप्स गिळत असे आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला नारू होई. मात्र भारतात नारूचा शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले; त्यासाठी सायक्लॉप्स संपवावे लागले नाहीत. काही ठिकाणी पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारले गेले, असा आक्षेप यावर घेता येईल. तो बरोबर आहे. पण सायक्लॉप्स आजही देशभरच्या तळ्यांत आहेत, संपला तो नारू. पाणी गाळून पिणे, उघड्या विहिरींची सुधारणा करणे आणि रोग्याला पाण्यात पाय घालू न देणे यांनी माणूस आणि कृमी यांच्यातला दुवा तुटला. सायक्लॉप्सच्या नात्यातले काही कॉपीपॉड तर डासांच्या कोवळ्या अळ्या खातात. व्हिएतनाममध्ये डेंगीविरुद्ध त्यांचा मुद्दाम वापर केला गेला. पिण्याचे पाणी गाळूनच प्यावे, पण तलाव ‘स्वच्छ’ करायचा म्हणून हे जीव मारून टाकणे चुकीचे आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिसरा गैरसमज. उन्हाळ्यात भेगाळलेला तलाव पाहून आपण म्हणतो, इथे आता काही नाही. पण गाळात जीव शिल्लक असतात. पाणी आणि अन्न भरपूर असते तेव्हा पाणपिसवांच्या माद्या नराशिवायच पिल्ले देतात आणि मोइनासारख्या जातीची संख्या काही दिवसांत अनेक पटींनी वाढते. पाणी आटू लागले, गर्दी झाली, की नर जन्मतात आणि जाड कवचाची सुप्त अंडी तयार होतात. रोटिफर आणि अनेक कॉपीपॉडही अशीच सोय करतात. ही अंडी गाळात उन्हाळा काढतात, काही तर अनेक वर्षे. अमेरिकेत तळ्याच्या गाळातली तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची कॉपीपॉडची अंडी उबवली गेली आहेत. पहिल्या दमदार पावसाने पाणी साचले की यातली काही फुटतात, काही पुढच्या हंगामासाठी मागे राहतात. एखादा पाऊस दगा देऊन गेला तरी सगळा वंश बुडत नाही.

मग गाळ काढायचा की नाही? काढायलाच हवा, पाणी मावत नसेल तर धानही नाही आणि मासाही नाही. परंतु फुटू शकणारी बहुतेक अंडी गाळाच्या वरच्या थरात असतात, आणि यंत्र सगळा तळ एकसारखा खरवडते तेव्हा तोच थर आधी शेतात जातो. अंडी पक्ष्यांच्या पायांना चिकटून, पुराच्या पाण्यातून पुन्हा येतील, असे कोणी म्हणेल. येतीलही, पण सगळ्या जाती येणार नाहीत आणि वेळेवर तर नाहीतच. आणि वेळ महत्त्वाची आहे, कारण ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्था पावसाळ्यातच तलावात मत्स्यजिरे (माशांची अगदी बारीक पिल्ले), मत्स्यबीज सोडतात. कटला, रोहू, मृगळ मोठेपणी वेगवेगळे खात असले, तरी जिऱ्याच्या वयात तिघांनाही प्राणिप्लवकच लागतात: तोंड लहान असते तेव्हा रोटिफर, मग पाणपिसवा. कटला तर आयुष्यभर मुख्यतः त्यांच्यावरच जगतो. कोंडा आणि ढेप टाकून वाढलेल्या माशाची भूक भागेल. जिऱ्यासाठी मात्र जिवंत खाद्याची जागा ते पुरेशी भरून काढत नाहीत. म्हणून तलाव दोन-तीन हंगामांत टप्प्याटप्प्याने खोदावा, उथळ काठाचा आणि पाणवनस्पतींचा एक भाग दरवेळी न उकरता सोडावा. असा भाग सोडायला वेगळा निधी लागत नाही. काम सुरू होण्याआधी तो भाग खुंट्या ठोकून आखावा, आणि तो कोणता हे त्या तळात वर्षानुवर्षे जाळे टाकणाऱ्या ढिवरांना विचारून ठरवावे.